‘क्वेंच’ ह्या इंग्रजी क्रियापदाचे अर्थ व उपयोग

इंग्रजी शिकविताना अवघड शब्द शिक्षकाला फारसे फसवीत नाहीत. ते अवघड आहेत हे आधीच ठाऊक असल्यामुळे तो शब्दकोश उघडतो, चार ठिकाणी विचारतो व मगच वर्गात जातो. फसवितात ते सोपे वाटणारे शब्द. पाठाखालच्या शब्दार्थांत ज्यांच्यापुढे एकच मराठी शब्द छापलेला असतो आणि तो फळ्यावर लिहून दिला की आपले काम झाले असे वाटते, असे हे शब्द होत. ‘क्वेंच’ हे क्रियापद त्यांपैकीच एक आहे. त्याचा अर्थ कोठे ‘विझविणे’ असा दिलेला आढळतो, कोठे ‘तहान भागविणे’ असा, तर कोठे नुसताच ‘शमविणे’ असा. हे तिन्ही अर्थ बरोबर आहेत; परंतु तिन्ही मिळूनही पुरे नाहीत, आणि त्यांतील एकावरच विसंबून विद्यार्थ्यांची वाक्ये तपासू लागल्यास काय घडते, ह्याचा एक अनुभव प्रस्तुत लेखकाच्या पदरी आहे. तो प्रथम सांगतो.

लेखक तेव्हा एका खेड्यातील शाळेत सातवीला इंग्रजी शिकवीत असे. पाठात एक प्रवासी विहिरीवर येऊन तहान भागवितो असे वर्णन होते. शब्द समजावून झाल्यावर मुलांना त्याची वाक्ये करण्यास सांगितले. बहुतेकांनी पाठातलेच वाक्य नाव बदलून लिहून आणले. एका मुलाने मात्र लिहिले होते, ‘माय फादर क्वेंचेस आयर्न.’ मुलगा लोहाराचा होता. लोखंडाला कसली आली आहे तहान, असे म्हणून ते वाक्य तांबड्या शाईने खोडले, आणि खरे सांगावयाचे तर वर्गात ते मोठ्याने वाचूनही दाखविले. मुले हसली. मुलाने एवढेच म्हटले, “गुरुजी, बाबा इळ्याला पाणी पाजतात की.” त्याला खाली बसण्यास सांगितले.

पुढे काही वर्षांनी एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची कर्मशाळा पाहण्याचा योग आला. तेथे एका लोखंडी टाकीवर इंग्रजीत पाटी होती : ‘क्वेंचिंग टँक’. तापवून लाल केलेली पोलादी हत्यारे ज्या पाण्यात किंवा तेलात बुडवून एकदम थंड करतात, ती ही टाकी. म्हणजे मुलाचे वाक्य अर्थाने बरोबर होते, व्याकरणाने बरोबर होते, आणि संबंध वर्गात ते एकच वाक्य असे होते की जे पाठातून उचललेले नव्हते. तो मुलगा तोपर्यंत शाळा सोडून गेला होता.

आता त्या मुलाला हे वाक्य सुचले कसे, हे पाहणे शब्दाच्या अभ्यासाच्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. त्याने शब्दकोश पाहिला नव्हता. पाणी पाजून तहान घालविणे म्हणजे ‘क्वेंच’, असे त्याला सांगण्यात आले होते. त्याच्या घरी विळ्याला, कुऱ्हाडीला, पाथरवटाच्या टाकीला पाणी पाजीत असत. तेव्हा तो मराठीच्या वाटेने चालत जाऊन नेमका इंग्रजीच्या दारी पोहोचला. इंग्रजीची वाट मात्र निराळी आहे. इंग्रजीत लोखंडाला तहान लागत नाही. त्याच्या अंगातला अग्नी पाण्याने विझतो. एकाच भट्टीपाशी, एकाच कृतीकडे पाहून मराठी मनुष्य म्हणतो, लोखंड पाणी प्याले. इंग्रज म्हणतो, लोखंड विझले.

ह्या क्रियापदाचा मूळ अर्थ अग्नी किंवा ज्योत विझविणे हाच आहे. जुन्या इंग्रजीत, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या त्या भाषेत, ‘क्विंकन’ असे एक क्रियापद होते व त्याचा अर्थ ‘विझणे’ असा होता. त्यापासून ‘विझण्यास लावणे’ ह्या अर्थी ‘क्वेंचन’ हे प्रयोजक क्रियापद झाले. आपण विझणे–विझविणे, पडणे–पाडणे, मरणे–मारणे अशा जोड्या करतो. संस्कृतात ‘शाम्यति’ म्हणजे शांत होतो व ‘शमयति’ म्हणजे शांत करतो. तसाच हा प्रकार होय. इंग्रजीत प्रयोजक क्रियापदे नाहीत असे पुष्कळदा शिकविले जाते. आजच्या इंग्रजीत ती नव्याने बनविता येत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ घ्यावयाचा. जुन्या काळी बनलेली कित्येक आजही वापरात आहेत. ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’ म्हणजे बसविणे. ‘राइज’ म्हणजे उठणे आणि ‘रेझ’ म्हणजे उठविणे. ‘फॉल’ म्हणजे पडणे आणि ‘फेल’ म्हणजे (झाड) पाडणे. ‘ड्रिंक’ म्हणजे पिणे हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु ‘ड्रेंच’ म्हणजे मुळात ‘पाजणे’ हे थोड्यांच्या ध्यानी येते. पावसात चिंब भिजणे ह्या अर्थी तो शब्द आपण शिकवितो, पण जनावराच्या तोंडात नळीने औषध ओतणे ह्या क्रियेस गुरांचे डॉक्टर अजूनही ‘ड्रेंच’ असेच म्हणतात. ‘ड्रिंक’पासून ‘ड्रेंच’ जसा झाला, तसाच ‘क्विंक’पासून ‘क्वेंच’ झाला. स्वर बदलला, शेवटच्या ‘क’चा ‘च’ झाला आणि अर्थ प्रयोजक झाला.

ह्या व्युत्पत्तीचा वर्गात प्रत्यक्ष उपयोग आहे. ती केवळ विद्वत्तेची हौस नव्हे. जोडीतील ‘विझविणे’ हा शब्द इंग्रजीत टिकला, परंतु ‘विझणे’ हा शब्द पुढे लोपला. त्यामुळे आजच्या इंग्रजीत ‘क्वेंच’ हे सकर्मक क्रियापद आहे. कोणीतरी काहीतरी विझवितो. आपोआप काही विझत नाही. आपला विद्यार्थी ‘दिवा विझला’ ह्याचे भाषांतर ‘द लॅम्प क्वेंच्ड’ असे करतो, ते ह्या कारणाने चूक ठरते. तेथे ‘द लॅम्प वेंट आउट’ असेच म्हटले पाहिजे. ‘विझला’ आणि ‘विझविला’ हा फरक मराठी मूल घरी आपोआप शिकलेले असते. तेव्हा त्याला व्याकरणाचे पारिभाषिक शब्द न सांगता एवढेच सांगावे की, मराठीत जेथे ‘विझविला’ म्हणता येईल तेथेच ‘क्वेंच’ चालेल, ‘विझला’ तेथे चालणार नाही. कर्मणी प्रयोग अर्थातच होतो : ‘द फायर वॉज क्वेंच्ड’, आग विझविण्यात आली.

परंतु ‘विझविणे’ म्हटले की सर्वत्र ‘क्वेंच’ असेही नाही. आजचा इंग्रज मनुष्य घरातील दिवा ‘क्वेंच’ करीत नाही. विजेचा दिवा तो ‘स्विच ऑफ’ करतो, मेणबत्ती ‘ब्लो आउट’ करतो, चुलीतील किंवा शेकोटीतील विस्तव ‘पुट आउट’ करतो. बंबवाल्यांच्या कामासाठी ‘पुट आउट’ किंवा लॅटिनमधून आलेला ‘एक्स्टिंग्विश’ हा शब्द वापरतात. भिंतीवर टांगलेल्या तांबड्या नळकांड्याचे नावही ह्यावरूनच पडले आहे. ‘स्नफ’ हा शब्द तर मोठा मौजेचा आहे. पूर्वी मेणबत्तीच्या वातीचे जळके टोक कात्रीने कापून ज्योत स्वच्छ करण्यास ‘स्नफ’ म्हणत; ज्योत नीट व्हावी म्हणून करावयाच्या कृतीचे नाव पुढे ज्योत विझविण्यालाच पडले. काजळी झाडता झाडता दिवाच जावा, तसा हा प्रकार.

दिव्याच्या बाबतीत आपल्याकडे वेगळीच अडचण असते व ती शिक्षकाने ध्यानात घ्यावी. आपल्या घरांतून ‘दिवा विझव’ असे म्हणणे वडील माणसांना रुचत नाही. दिवा मालवावयाचा असतो. देवापुढील दिवा तर ‘शांत होतो’. नारळ फोडावयाचा नसून वाढवावयाचा, बांगडी फुटत नसून वाढते, त्यातलाच हा संकोच होय. इंग्रजीत दिव्याविषयी असा संकोच नाही. तेव्हा एखाद्या मुलाने ‘दिवा मालविणे’ ह्यास वेगळा इंग्रजी शब्द विचारला, तर तसा शब्द नाही, ‘पुट आउट’ हाच तेथेही चालतो, असे निःसंकोचपणे सांगावे. शब्दास शब्द मिळालाच पाहिजे असा भाषांचा आपसांत करार झालेला नाही.

मग ‘क्वेंच’ उरतो कोठे? जेथे भाषा थोडी गंभीर होते, जेथे आगीचा जोर दाखवावयाचा असतो आणि विशेषतः जेथे पाण्याने ती विझविली जाते, तेथे. वाळू टाकून, घोंगडी टाकून, झाकण ठेवून आग कोंडणे ह्याला इंग्रजीत ‘स्मदर’ हा शब्द आहे, म्हणजे गुदमरविणे. दोन्ही शब्दांतील भेद शास्त्राच्या तासाशीही जुळतो. जळण, हवा व उष्णता ही तिन्ही असतील तोवर आग जळते. ‘स्मदर’ करणारा हवा तोडतो. ‘क्वेंच’ करणारा उष्णता हिरावून घेतो. पाणी हे काम इतके चांगले करते ह्याचे कारण असे की, उकळत्या पाण्याच्या एका ग्रॅमची वाफ होण्यास सुमारे ५४० कॅलरी उष्णता लागते, आणि ती त्याला आगीकडूनच घ्यावी लागते. कढईतील पेटलेल्या तेलावर मात्र पाणी टाकू नये. पाणी तेलाखाली जाऊन त्याची एकदम वाफ होते व पेटते तेल चहूकडे उडते. तेथे झाकणच हवे. हे इंग्रजीच्या तासाला सांगितले तरी बिघडत नाही.

१६११ साली इंग्लंडात प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या भाषांतरात हे क्रियापद अनेक ठिकाणी आले असून, त्या ग्रंथाच्या वाचनामुळे त्याला एक प्रौढ वळण लागले. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ नाटकात, जे देवलांनी ‘झुंझारराव’ ह्या नावाने मराठी रंगभूमीवर आणले, शेवटच्या अंकात नायक जळत्या दिव्यासमोर उभा राहून विचार करतो की, हा दिवा विझविला तर पुन्हा लावता येईल, पण प्राणज्योत विझविली तर ती कशाने लावावयाची? तेथेही दिव्याच्या ज्योतीसाठी कवीने हाच शब्द योजला आहे. शाळेत हे सांगण्याचे कारण नाही; परंतु हा शब्द बोलीपेक्षा ग्रंथात अधिक का भेटतो, हे शिक्षकाला ठाऊक असावे.

आता तहानेचा अर्थ. रोजच्या इंग्रजीत हा शब्द सर्वांत अधिक ऐकू येतो तो ह्याच अर्थी. ‘ही क्वेंच्ड हिज थर्स्ट’, त्याने तहान भागविली. तहान ही एक आग आहे व पाण्याने ती विझते, अशी मूळची कल्पना. हे रूपक इतके झिजून गेले आहे की आता बोलणाऱ्याला आगीची आठवणही होत नाही. सरबते व थंड पेये विकणारे आपल्या मालाला ‘थर्स्ट क्वेंचर’ म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनात बंब नसतो.

येथेच आपल्या विद्यार्थ्यांची सर्वांत मोठी चूक होते, आणि ती इतकी स्वाभाविक आहे की तिचे मूळ समजून घेतल्याशिवाय ती खोडू नये. विद्यार्थी लिहितो, ‘ही क्वेंच्ड हिज हंगर’. मराठीत भूकही भागते आणि तहानही भागते. एकाच क्रियापदाने दोन्ही कामे होतात, मग इंग्रजीत का होऊ नयेत? शिवाय आपल्या विचारात भूक हीच खरी आग आहे. पोटात आग पडते ती भुकेने. जठराग्नी हा शब्द आपण अन्नाच्या संबंधात वापरतो, पाण्याच्या नव्हे. इंग्रजीने आग तहानेला दिली, आपण ती भुकेला दिली. म्हणून ‘क्वेंच’ भुकेला लावणारा मुलगा आपल्या भाषेच्या दृष्टीने शहाणपणाच करीत असतो. परंतु इंग्रजीत भुकेसाठी ‘सॅटिस्फाय’ हा शब्द आहे; लॅटिनमधील ‘पुरेसे’ व ‘करणे’ ह्या अर्थांच्या दोन शब्दांचा तो बनला आहे. जे पुरेसे दिल्याने संपते त्याला ‘सॅटिस्फाय’. जे पाण्याने विझते त्याला ‘क्वेंच’. तहानेला दोन्ही चालतात, भुकेला दुसरा चालत नाही.

ह्याच संदर्भात आणखी एक निरीक्षण नोंदविण्याजोगे आहे. मराठीत आग लागते, भूक लागते, तहान लागते. तिघींचा आरंभ एकाच क्रियापदाने होतो. शेवटी मात्र वाटा फुटतात : आग विझते, भूक व तहान भागते. इंग्रजीत ह्याच्या उलट आहे. तेथे आरंभ वेगवेगळ्या शब्दांनी होतो, आणि शेवट करताना आग व तहान ह्या दोघी ‘क्वेंच’पाशी एकत्र येतात. फळ्यावर हे दोन ओळींत लिहून दाखविले तर मुलांना ते चटकन उमगते व पुढे विसरत नाही, असा अनुभव आहे. आपल्याकडे ह्या दोन्ही अर्थांना व्यापणारा शब्द संस्कृतातून आलेला ‘शमविणे’ हा आहे. अग्निशामक दल आगीचे शमन करते, आणि तृषाशमनही आपण म्हणतो. म्हणून एकच मराठी शब्द द्यावयाचा झाल्यास ‘शमविणे’ हा त्यातल्या त्यात बरा. पण तो सातवीच्या मुलाच्या तोंडचा शब्द नाही, हा त्याचा दोष.

तहानेसाठी इंग्रजीत ‘स्लेक’ हाही एक शब्द आहे व शब्दार्थांत दोघांपुढे पुष्कळदा एकच अर्थ छापतात. ‘स्लेक’ मुळात ढिला, सैल ह्या अर्थाच्या ‘स्लॅक’ ह्या विशेषणापासून निघाला. तहानेचा ताण सैल करणे असा त्याचा भाव. चुन्यासाठी इंग्रजीत हाच शब्द वापरतात. कळीच्या चुन्यावर पाणी टाकले म्हणजे तो फुटतो, फुगतो व विरतो. अशा विरलेल्या चुन्यास ‘स्लेक्ड लाइम’ म्हणतात. कळीच्या चुन्याचे इंग्रजी नाव ‘क्विकलाइम’, म्हणजे जिवंत चुना असे आहे. जुन्या इंग्रजीत ‘क्विक’चा अर्थ ‘जिवंत’ असा होता. पाणी पडताच तो जणू तहानेलेल्या प्राण्यासारखे पाणी पितो व तापून उठतो. येथे पाण्याने उष्णता जात नाही, उलट निर्माण होते, ही गोष्ट ‘क्वेंच’ व ‘स्लेक’ ह्यांतला भेद लक्षात ठेवण्यास उपयोगी पडेल. शास्त्राचे शिक्षक हा प्रयोग दाखवितात तेव्हा मुलांना दूर उभे करावे, कारण शिंतोडा डोळ्यांत गेल्यास दृष्टीस इजा होते.

ज्या अर्थावरून हा लेख लिहिण्याचे मनात आले त्या लोहाराच्या अर्थाकडे आता वळू. सुताराची पटाशी, पाथरवटाची टाकी, शेतकऱ्याचा विळा ही हत्यारे कठीण नसतील तर धार टिकत नाही. पोलाद म्हणजे अल्प प्रमाणात कार्बन असलेले लोखंड. ते सुमारे ७२७ अंश सेल्सियसच्या वर तापविले म्हणजे त्यातील कणांची रचना बदलते व कार्बन त्यात विरघळून जातो. ते हळूहळू थंड होऊ दिले तर कार्बन पुन्हा वेगळा होतो व पोलाद मऊ राहते. परंतु ते लाल असतानाच पाण्यात बुडविले तर कार्बनाला बाहेर पडण्यास अवधीच मिळत नाही. तो आत अडकून पडतो आणि पोलाद अतिशय कठीण होते. ह्या कठीण रचनेस आडॉल्फ मार्टेन्स (१८५०–१९१४) ह्या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून ‘मार्टेन्साइट’ म्हणतात. तेव्हा ह्या अर्थाचा प्राण ‘थंड करणे’ ह्यात नसून ‘एकदम थंड करणे’ ह्यात आहे. तापलेले लोखंड हवेत निवू दिले तर त्याला ‘क्वेंच’ म्हणता येणार नाही.

मात्र असे पोलाद काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून जाणता लोहार हत्याराची केवळ धार पाण्यात बुडवितो, बाहेर काढून ती घासून चकचकीत करतो, आणि दांड्याकडची उरलेली उष्णता धारेकडे सरकू लागली की तेथे उमटणारे रंग पाहत बसतो. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा व शेवटी निळा. हवा तो रंग धारेला आला की सबंध हत्यार पुन्हा पाण्यात जाते. टाकीला कोणता रंग व कुऱ्हाडीला कोणता, हे त्याला वडिलांकडून मिळालेले असते. ह्या दुसऱ्या क्रियेस इंग्रजीत ‘टेंपर’ असे निराळे नाव आहे. मराठीत ‘पाणी देणे’ किंवा ‘पाणी पाजणे’ ह्या शब्दांत दोन्ही क्रिया येतात. साधा खिळा तापवून पाण्यात टाकला तर तो फारसा कठीण होत नाही, कारण त्यात कार्बन फार थोडा असतो. लोहार हेच निराळ्या शब्दांत सांगतो : ‘हे लोखंड पाणी धरत नाही.’ पाणीदार माणूस, एखाद्याचे पाणी जोखणे, शत्रूला पाणी पाजणे, हे आपले शब्दप्रयोग उच्चारताना ह्या भट्टीचीही आठवण ठेवावी.

लाक्षणिक अर्थ फार विस्ताराने सांगण्याची गरज नाही. उत्साह, आशा, इच्छा ही आगीसारखी मानली की ती ‘क्वेंच’ होऊ शकतात. मराठीत आपण उत्साह मावळला, आशा मालवली असे म्हणतो. ज्ञानाची तहान असते, म्हणून तीही ह्याच क्रियापदाने भागते, आणि न भागणाऱ्या तहानेस ‘अन्क्वेंचेबल’ हे विशेषण लागते. बंडाला मात्र ‘क्वेल’ हा शब्द अधिक चांगला. दोघांचे अक्षरसादृश्य फसवे आहे. ‘क्वेल’ हेही जुने प्रयोजकच, पण ते मरणे–मारणे ह्या जोडीतले : मूळ अर्थ ठार मारणे. आग विझते, बंड मारले जाते.

शास्त्रज्ञांनी हा शब्द आणखी पुढे नेला आहे. कोयनेलाच्या द्रावणावर अतिनील प्रकाश पाडला की ते निळसर चमकते. त्यात साधे मीठ टाकले की चमक मंदावते. ह्यास ‘क्वेंचिंग’ म्हणतात. येथे पाणीही नाही व आगही नाही. केवळ उजेड गेला, एवढ्यावरून शब्द आला. अतिवाहक चुंबकांच्या बाबतीत तर अर्थ जवळजवळ उलटा झाला आहे. काही धातूंच्या तारा अतिशय थंड केल्या म्हणजे त्यांतून वीज कोणत्याही अडथळ्यावाचून वाहते. ती थंडी कोठे जरा कमी झाली की हा गुण एकाएकी नाहीसा होतो, तार तापते व भोवतालचे द्रवरूप हेलियम वायू होऊन उसळते. ह्या घटनेचे नावही ‘क्वेंच’. १९ सप्टेंबर २००८ रोजी जिनीव्हाजवळील सर्न संस्थेच्या प्रचंड कणवेगवर्धकात एका विद्युत जोडणीतील दोषामुळे अपघात झाला, अनेक चुंबक असे ‘क्वेंच’ झाले, कित्येक टन हेलियम बोगद्यात पसरले, आणि ते यंत्र पुन्हा सुरू होण्यास नोव्हेंबर २००९ उजाडला. ते चुंबक उणे २७१ अंश सेल्सियसच्या आसपास ठेवलेले असतात. मोठ्या रुग्णालयांतील एमआरआय यंत्रातही असाच चुंबक असतो व उसळलेले हेलियम इमारतीबाहेर नेण्यासाठी एक नळ बसविलेला असतो. त्याला ‘क्वेंच पाइप’ म्हणतात. थंडी गेली आणि उष्णता आली, तरी शब्द तोच. कारण विझली ती त्या तारेची अवस्था.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविले जात असल्यामुळे मुले सातवीत येईतो त्यांचा शब्दसंग्रह पूर्वीपेक्षा बराच मोठा झालेला असतो, आणि त्यांची वाक्ये तपासताना शिक्षकाला अनपेक्षित गोष्टी अधिक वेळा भेटतात. अशा वेळी तांबडी शाई उचलण्यापूर्वी त्या मुलाला एकदा विचारावे की, हे तू कोठे पाहिलेस? उत्तर पुष्कळदा त्याच्या घरच्या धंद्यात सापडते. कुंभाराच्या, गवंड्याच्या, कोष्ट्याच्या घरी असे कितीतरी शब्द आहेत की ज्यांचा नेमका इंग्रजी प्रतिशब्द शिक्षकालाही शोधावा लागेल. तो दुसऱ्या दिवशी शोधून आणून सांगितला तर चालते.

उच्चाराविषयी दोन शब्द. शेवटचा ‘च’ हा ‘चंद्र’ ह्या शब्दातला म्हणावा, ‘चांदणे’ ह्यातला नव्हे. भूतकाळी रूपात शेवटचा ध्वनी ‘ट’सारखा ऐकू येतो : ‘क्वेंच्ट’, ‘क्वेंचेड’ असा दोन तुकड्यांचा उच्चार करू नये. वर्तमानकाळी तृतीय पुरुषी एकवचनात मात्र ‘क्वेंचेस’ असे एक अक्षर वाढते व लेखनात केवळ ‘एस’ न लावता ‘ई’ व ‘एस’ ही दोन्ही लावावी लागतात. आरंभीची ‘क्यू’ व ‘यू’ ही जोडी १०६६ नंतर नॉर्मन लेखनिकांच्या वळणाने इंग्रजीत रूढ झाली. त्यापूर्वी हाच ध्वनी ‘सी’ व ‘डब्ल्यू’ ह्या अक्षरांनी लिहीत. ‘क्वीन’ हा शब्दही त्याच रीतीने बदलला आहे. लोहाराच्या मुलाने आपल्या वाक्यात हे ‘ई’ व ‘एस’ दोन्ही बरोबर लावले होते.